हसऱ्या चेहऱ्यामागचे पोटाचे दुखणे

जॉन एफ. केनेडी 1961 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय 43 होते. उन्हात रापलेला चेहरा, दाट केस, शिडाच्या होडीतली छायाचित्रे. त्यांच्याकडे पाहून लोकांना वाटे, तब्येत असावी तर अशी. प्रत्यक्षात हा माणूस लहानपणापासून आजारी होता. त्याच्या पोटाचे दुखणे शाळेच्या वयातच सुरू झाले होते, आणि ते लपवायलाही तो त्याच वयात शिकला.

केनेडींचा जन्म 1917 चा, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनचा. नऊ भावंडांतला हा दुसरा, घरात त्याला जॅक म्हणत. तिसरा वाढदिवस होण्याआधीच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि कित्येक आठवडे घरापासून दूर राहावे लागले. आई रोझ प्रत्येक मुलाच्या आजारपणाची नोंद कार्डांवर ठेवत असे. नोंदी चोख होत्या, पण घराची शिस्त कडक होती. वडिलांना जिंकणारी मुले हवी होती. रडणे, कुरकुरणे त्या घरात बसत नव्हते. त्यात थोरला भाऊ जो धट्टाकट्टा, अभ्यासात आणि खेळात पुढे. जॅक मात्र किडकिडीत.

तेराव्या वर्षी त्याला निवासी शाळेत घातले. वर्ष पुरे होण्याआधीच अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे ती शाळा सुटली. 1931 मध्ये तो कनेक्टिकटमधील चोट या शाळेत गेला. तिथे जो आधीपासून नावाजलेला विद्यार्थी होता. जॅकचे मात्र शाळेच्या दवाखान्यात वारंवार जाणे होई. पोटदुखी, अशक्तपणा, अंगावर पित्ताच्या गांधी आणि वजन काही केल्या वाढत नाही. 1934 च्या हिवाळ्यात प्रकृती इतकी ढासळली की रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. त्या उन्हाळ्यात त्याला मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये पाठवले गेले. जवळपास महिनाभर तपासण्या चालल्या आणि निदान झाले कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या विकाराचे.

सतरा वर्षांचा मुलगा, घरचे कोणी जवळ नाही, रोज एनिमा आणि गुदमार्गाच्या तपासण्या. या वयात मुले कपड्यांवर पडलेल्या डागानेही खजील होतात. जॅकने आपला मित्र लेम बिलिंग्ज याला तिथून पत्रे लिहिली. त्यांत एनिमांचे विनोदी हिशेब होते, परिचारिकांबद्दलच्या वात्रट बढाया होत्या. भीती आलीच तर ओझरती आणि थट्टेच्या आडून. दुखण्याविषयी बोलायची दुसरी भाषा त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

शाळेत परतल्यावर त्याच्या खोड्या वाढल्या. 1935 च्या सुरुवातीला त्याने मित्रांना घेऊन एक टवाळ मंडळ काढले. मुख्याध्यापकांनी बेशिस्त मुलांसाठी वापरलेला शब्दच त्यांनी मंडळाला नाव म्हणून घेतला. प्रकरण शाळेतून काढून टाकण्यापर्यंत गेले आणि वडिलांना बोलावणे धाडले गेले. पुढे कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ प्रेस्कॉट लेकी यांनी जॅकशी बोलून पाहिले. थोरल्या भावाशी होणाऱ्या तुलनेने मुलगा खचला आहे आणि म्हणून त्याने स्पर्धाच सोडून दिली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो बरोबरच असावा. पण आजारपणाने मागे पडणाऱ्या मुलाला ही तुलना दुप्पट बोचते, हेही तितकेच खरे.

शाळा संपली, तरी आजार सुटला नाही. 1935 मध्ये प्रिन्स्टनमध्ये घेतलेला प्रवेश काही आठवड्यांतच सोडावा लागला आणि बोस्टनच्या रुग्णालयात राहावे लागले. 1936 मध्ये तो हार्वर्डला गेला. पुढे नौदल, काँग्रेस, सिनेट. 1947 मध्ये लंडनमध्ये ॲडिसन्स या अधिवृक्क ग्रंथींच्या आजाराचे निदान झाले. 1955 ते 1957 या काळात केनेडी नऊ वेळा रुग्णालयात दाखल झाले; मतदारांना त्याचा पत्ता नव्हता. 1960 च्या निवडणुकीत त्यांची प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगितले गेले. 1963 मध्ये त्यांची हत्या झाली. वैद्यकीय कागदपत्रे इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना पाहायला मिळाली ती 2002 मध्ये.

केनेडींचा आतड्याचा आजार आजच्या व्याख्येत नेमका कोणता, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. क्रोन्स डिसीजचे वर्णनच 1932 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते. त्या काळी बऱ्याच डॉक्टरांना वाटे की अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मुळात मनाचा आजार आहे, हळव्या आणि परावलंबी स्वभावाच्या माणसांना होणारा. ही समजूत आता मागे पडली आहे. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच आतड्यात दाह निर्माण करते. मानसिक ताणाने लक्षणे बळावू शकतात, पण मुलाच्या स्वभावातून हा आजार उपजत नाही.

उलट, आजाराचा मनावर होणारा परिणाम ठळक आहे. अशा मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य इतर मुलांपेक्षा अधिक आढळते. वर्गातून वारंवार उठून शौचाला जावे लागते, म्हणून मुले सहलीला आणि खेळाला नाही म्हणू लागतात. उंची खुंटते, वयात येणे लांबते, मित्र पुढे निघून जातात. स्टिरॉइडने चेहरा सुजतो आणि मनःस्थितीही बिघडू शकते. काही मुले रडतात, काही चिडतात. काही जॅकसारखी वर्गाला हसवत राहतात, आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

म्हणून तपासणीच्या वेळी जुलाब आणि वजनाबरोबर झोप, शाळेतली गैरहजेरी, मित्र यांविषयीही विचारायला हवे. किशोरवयीन मुलाला काही मिनिटे आईवडिलांशिवाय डॉक्टरांशी बोलू द्यावे. शिक्षकांना विश्वासात घेऊन, न विचारता स्वच्छतागृहात जाण्याची मुभा मिळवावी. घरात भावंडांशी तुलना टाळावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. वर्तणूक उपचारांचा अशा मुलांना चांगला उपयोग होतो. मूल जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. आणि ज्या मुलाचे पोट सतत दुखते, शौचातून रक्त जाते किंवा वजन घटते, त्याला शाळा बुडवण्याचे निमित्त म्हणून रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.