प्लेगशी झुंजणारा शास्त्रज्ञ

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले. पाहता पाहता रोग शहरभर पसरला. घरोघर रडारड सुरू झाली. हजारो लोक शहर सोडून आपापल्या गावांची वाट धरू लागले. अशा कठीण समयी, ऑक्टोबर महिन्यात, एक परदेशी शास्त्रज्ञ मुंबईत येऊन दाखल झाला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा नगरात, एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे ते पॅरिस येथील पाश्चर संस्थेत गेले. आरंभी तेथील ग्रंथालयात त्यांनी लहानशी नोकरी पत्करली. पण फुरसतीचा प्रत्येक क्षण त्यांनी जंतूंच्या अभ्यासात घालविला. १८९२ साली त्यांनी पटकीवरील लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षी ते भारतात आले आणि गावोगाव हिंडून त्यांनी सहस्रावधी लोकांना ती लस टोचली.

मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक लहानशी जागा मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई एवढेच मनुष्यबळ! मांसाच्या सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने ते प्लेगचे जंतू वाढवीत. मग उष्णता देऊन ते जंतू मारीत व लस नासू नये म्हणून तीत थोडे कार्बोलिक आम्ल मिसळीत. हे आम्ल जात्याच विषारी. अंगावर पडले तर कातडी भाजून निघते. परंतु योग्य प्रमाणात वापरले असता तेच लसीचे रक्षण करते. जिवंत जंतू आणि जहाल आम्ल अशा दुहेरी धोक्यात हे काम अहोरात्र चालले होते. अखेर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लसीची मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप भरला, पण ते सुखरूप राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली, आणि तिचा गुण दिसून आला. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांच्या प्रयोगशाळेला प्रशस्त जागा मिळाली.

परंतु १९०२ साली त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना एकाच कुपीतील लस दिली होती. त्या सर्वांना धनुर्वात झाला व ते सारे मरण पावले. हाफकिन यांनी त्या लसीत कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी समितीने सारा दोष त्यांच्या प्रयोगशाळेच्या माथी मारला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पण खरा प्रकार काय होता? कुपी उघडताना तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आधीपासून तीत वाढत असते, तर घाण वास आल्यावाचून राहिला नसता. शिवाय कुपीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात! पुराव्याची पुन्हा छाननी झाली. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिन यांचा पक्ष उचलून धरला. १९०७ साली ते निर्दोष ठरले. भारतात परत येऊन त्यांनी कलकत्त्यास पुन्हा काम सुरू केले. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले व २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तेच नाव ती आजही अभिमानाने मिरवीत आहे. जीवनदायी लस सिद्ध करण्यास थोर बुद्धी लागते. पण ती निर्दोष स्थितीत रोग्यापर्यंत पोचविण्यास प्रत्येक हाताची दक्षता लागते. एका चिमट्याकडे झालेल्या क्षणभराच्या दुर्लक्षाने १९ माणसांचे प्राण घेतले, आणि एका निरपराध शास्त्रज्ञाच्या माथी पाच वर्षे कलंक राहिला.