संत ऑगस्टीन आणि त्यांचे सोबती

जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास जाऊन आलेल्या आमच्या वाचकांनीं तेथील टेकडीवरचा, जांभ्या दगडाचा उंच व अर्धवट उभा असलेला मनोरा पाहिलाच असेल. १५७२ सालीं गोव्यांत आलेल्या ऑगस्टीनपंथी मठवाशांनीं बांधलेल्या भव्य देवळाचा तो अवशेष आहे. १८४२ सालीं देवळाचें छत कोसळलें आणि १९३१ सालीं खुद्द मनोऱ्याचा निम्मा भाग ढांसळला. ज्या थोर संताच्या नांवानें तो आजहि ओळखला जातो, त्यांच्याविषयीं आपणांपैकीं बहुतेकांस एवढेंच ठाऊक असतें कीं, मातोश्री संत मोनिका यांनीं वर्षानुवर्षें अश्रु ढाळून आपल्या वाट चुकलेल्या पुत्रास देवाकडे परत आणिलें. हें सर्वथैव खरें आहे. परंतु त्या पुत्राच्या जीवनांत मातेखेरीज आणखी पुष्कळ माणसें होतीं. एकटें राहणें त्यांस कधीं साधलेंच नाहीं. त्यांचें पाप मित्रांच्या संगतींत घडलें, त्यांचें मोठें दुःख मित्रापायीं उद्भवलें, आणि देवानेंहि त्यांस गांठलें तें एका मित्राच्या समक्ष. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही त्यांचें चरित्र त्यांच्या स्नेहसंबंधांच्या अंगानें सांगण्याचें योजिलें आहे.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते ह्या गांवीं झाला. आजच्या अल्जीरिया देशांतील सूक अह्रास शहर तें हेंच. वडील पात्रीसियुस हे बेताच्या स्थितीचे जमीनदार असून मूर्तिपूजक होते. मरणापूर्वीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मुलगा बुद्धीनें तल्लख, म्हणून त्याच्या शिक्षणासाठीं त्यांनीं ऐपतीबाहेर खर्च केला. तथापि सोळाव्या वर्षीं पैशाअभावीं मुलास घरीं बसावें लागलें आणि तो रिकाम्या पोरांच्या टोळक्यांत शिरला. एके रात्रीं त्या सर्वांनीं शेजारच्या मळ्यांतील नासपतीचें झाड झोडपून फळें पळविलीं व तीं डुकरांपुढें फेंकलीं. पुढें बिशप झाल्यावर आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं ह्या क्षुल्लक चोरीचा इतका खल केला आहे कीं, वाचणारास प्रथम हंसूंच येतें. पण त्यांस टोंचणी फळांची नव्हती. आपण एकटे असतों तर हें आपल्या हातून कधींच घडलें नसतें, ही ती टोंचणी होती.

कार्थेज शहरांत शिकत असतां त्यानें एका स्त्रीबरोबर विवाहावांचून संसार थाटला. तिच्यापासून त्यास पुत्र झाला. त्याचें नांव आदेओदातुस, म्हणजे आपल्याकडे ज्यास देवदत्त म्हणतात तें. त्याच सुमारास तो मानीपंथाच्या नादीं लागला व नऊ वर्षें त्यांत गुरफटून राहिला. मग थागास्तेस परत येऊन तो शाळा चालवूं लागला. तेथें बालपणचा एक सवंगडी पुन्हां भेटला. दोघे एकाच वयाचे, एकाच शाळेंतले. ऑगस्टीननें त्यालाहि आपल्या पाखंडाकडे ओढलें. ही मैत्री जेमतेम वर्षभर चालली असेल, इतक्यांत मित्र तापानें अंथरुणास खिळला, आणि तो बेशुद्ध असतांच घरच्यांनीं त्यास बाप्तिस्मा देवविला. कांहीं दिवसांनीं तो शुद्धीवर आला. ऑगस्टीन त्याची उशी सोडून हालला नव्हता. आतां दोघे मिळून हंसूं, अशा समजुतीनें त्यानें त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. मित्रानें मात्र शत्रूकडे पाहावें तसें त्याच्याकडे पाहिलें, आणि स्नेह टिकवावयाचा असेल तर पुन्हां असें बोलूं नये, अशी स्पष्ट ताकीद दिली. ऑगस्टीन वरमला, पण बरा झाला म्हणजे त्याचें मन वळवूं, असा त्याचा बेत होता. ती वेळ आलीच नाहीं. थोड्याच दिवसांत, ऑगस्टीन जवळ नसतां, ताप उलटला आणि मित्र मरण पावला.

त्यानंतर ऑगस्टीनला स्वतःचें गांव खाऊं लागलें. ज्या ज्या जागीं दोघे बसत, तेथें तेथें तो मित्रास शोधी. रडण्याखेरीज त्यास कांहींच गोड लागेना. शेवटीं तो गांव सोडून कार्थेजला पळाला. आपल्या वाचकांपैकीं ज्यांनीं भरज्वानींत सोबती गमावला असेल, त्यांस ह्याचा अर्थ सांगावयास नको. ह्या शोकाची मीमांसा त्यांनीं पुढें केली ती अशी कीं, मरणाधीन मनुष्यावर आपण तो जणूं कधीं मरणारच नाहीं असें प्रेम केलें. मित्रावर प्रेम केलें ही त्यांस चूक वाटली नाहीं. त्यास देवाच्या हातीं ठेवून प्रेम केलें नाहीं, ही चूक वाटली.

कार्थेजला नव्या मित्रांनीं त्यास सावरलें. एकत्र ग्रंथ वाचावे, थट्टामस्करी करावी, वाद घालून न भांडतां उठावें, असे त्यांचे दिवस जात. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षीं त्यानें सौंदर्य व सुसंगति यांवर एक ग्रंथ लिहिला आणि रोममधील हिएरियुस नामक वक्त्यास अर्पण केला. ह्या गृहस्थास त्यानें कधीं पाहिलेंहि नव्हतें. लोक त्याची वाहवा करीत एवढेंच कारण. लोकांनीं निंदा केली असती तर आपलें प्रेमहि आटलें असतें, असें त्यांनीं मागाहून कबूल केलें आहे. तो ग्रंथ पुढें खुद्द कर्त्याजवळहि राहिला नाहीं.

३८३ सालीं आईला चकवून तो रात्रींच जहाजानें रोमला निघून गेला, आणि ३८४ सालीं मिलान येथें वक्तृत्वाचा अध्यापक झाला. तेथें बिशप संत अंब्रोज यांच्याकडे तो ओढला गेला. त्यांची शिकवण खरी वाटण्याआधींच, ते आपल्याशीं मायेनें वागले म्हणून, त्यांजवर त्याचें प्रेम जडलें. थागास्तेचा आलीपियुस बरोबर होताच. नेब्रीदियुस तर आपली शेतीवाडी व आई मागें ठेवून केवळ ह्याच्या सहवासासाठीं आफ्रिकेहून आला. सुमारें दहा मित्रांनीं सर्वांचा पैसा एकत्र करून एका घरीं राहावें, असा घाट घातला गेला. पण बायकांस हें कितपत रुचेल असा प्रश्न निघतांच बेत जागच्या जागीं मोडला!

याच काळांतली एक गोष्ट आम्हांस वगळतां येत नाहीं. मोनिकाबाईंनीं मुलासाठीं चांगल्या कुळांतील वधू पाहिली. सबब जी स्त्री सुमारें पंधरा वर्षें त्याच्या घरांत वावरली, तिला आफ्रिकेस परत धाडण्यांत आलें. जातांना तिनें दुसऱ्या पुरुषाचें तोंड न पाहण्याचें व्रत घेतलें आणि मुलगा बापाच्या स्वाधीन केला. ऑगस्टीनच्या काळजाचा लचका तुटला. परंतु वधू वयांत येईपर्यंतचीं दोन वर्षेंहि त्याला धीर धरवेना, आणि त्यानें दुसरी बाई ठेविली. आमच्या मतें त्याच्या वर्तनास येथें कोणतीहि सबब पुरी पडत नाहीं, व त्यांनीं स्वतः ती दिलेलीहि नाहीं. आपणांस त्या स्त्रीची बरोबरी करतां आली नाहीं, हें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. तिचें नांव मात्र लिहिलेलें नाहीं. ज्या मित्रासाठीं गांव सोडलें त्याचेंहि नाहीं. जिनें कांहीं एक न मागतां सर्व दिलें, ती देवाघरींच ओळखली जावी, असेंच त्यांच्या मनांत होतें कीं काय कोण जाणे.

३८६ च्या ऑगस्टांत मिलानच्या एका बागेंत ती घडी आली. अंतःकरणाचा झगडा असह्य होऊन तो मोठमोठ्यानें रडूं लागला. आलीपियुस शेजारींच निमूट बसला होता. त्याच्या देखत रडावयास संकोच वाटून ऑगस्टीन दूर अंजिराच्या झाडाखालीं गेला. शेजारच्या घरांतून एका लहान मुलाचा स्वर ऐकूं आला, जणूं घेऊन वाच असें तो सांगत होता. परत येऊन त्यानें संत पौलाचीं पत्रें उघडलीं आणि समोर आलेला उतारा वाचला. विषयवासनेची बेडी तुटली. आलीपियुसनें पुस्तक हातीं घेऊन पुढचें वाक्य वाचलें. त्यांत विश्वासानें दुबळ्या माणसास जवळ करण्याविषयीं होतें. तें आपल्यालाच उद्देशून आहे असें त्यानें मानलें आणि तोहि तत्काळ मित्रामागें निघाला. ३८७ च्या पास्काच्या रात्रीं ऑगस्टीन, आलीपियुस व पंधरा वर्षांचा आदेओदातुस ह्या तिघांनीं अंब्रोज यांच्या हस्तें बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षीं मायदेशीं परततांना ओस्तिया बंदरांत मायलेक एका खिडकीशीं उभीं होतीं. खालीं बाग होती. बोलतां बोलतां पृथ्वी, आकाश व तारे यांच्या शोभेवरून दोघांचें मन त्या सर्वांच्या कर्त्यापर्यंत चढत गेलें. सौंदर्याविषयीं जें त्या हरवलेल्या ग्रंथांत सांपडलें नव्हतें, तें येथें क्षणभर हातीं लागलें. थोड्याच दिवसांत मोनिका वारल्या. पुढें आदेओदातुस गेला, नेब्रीदियुसहि गेला. ह्या खेपेस ऑगस्टीन गांव सोडून पळाले नाहींत.

३९१ सालीं ते हिप्पो शहरीं गेले तेहि एका ओळखीच्या गृहस्थास मठवासांत ओढण्याच्या आशेनें. तेथील लोकांनीं त्यांस देवळांत धरून धर्मगुरु करविलें; ते रडत होते. पांचेक वर्षांनीं ते तेथलेच बिशप झाले. आपल्या धर्मगुरूंबरोबर ते एका घरीं, एका पंगतीस, कोणाचें स्वतःचें कांहीं न ठेवतां राहत. मिलानला मोडलेला बेत असा सिद्धीस गेला. जेवणाच्या मेजावर, गैरहजर माणसाची निंदा करणारास येथें जागा नाहीं, अशा आशयाच्या ओळी त्यांनीं लिहविल्या होत्या. एकदां पाहुणे आलेल्या बिशपांनींच तो नियम मोडला, तेव्हां ह्या ओळी पुसाव्या, नाहींतर आपण पानावरून उठतों, असें त्यांनीं त्यांस बजाविलें.

४३० सालीं वांडाल लोकांनीं हिप्पोस वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ऑगस्टीन तापानें पडले. दाविदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं समोरच्या भिंतीवर लावविलीं, आणि वैद्य किंवा जेवण आणणारा यांखेरीज कोणीं आंत येऊं नये असें सांगितलें. जन्मभर मित्रांवांचून न राहिलेला पुरुष सुमारें दहा दिवस एकटा रडत देवाशीं बोलत होता. २८ ऑगस्ट रोजीं मात्र सर्वजण बिछान्याभोंवतीं प्रार्थना करीत उभे होते. त्यांत सुमारें चाळीस वर्षांचा स्नेही, कालामाचा बिशप पोसीदियुस हाहि होता. मृत्युपत्र नव्हतें, कारण देण्यासारखें कांहीं नव्हतें; देवळाचीं पुस्तकें तेवढीं जपावीं, एवढें त्यांनीं सांगून ठेविलें होतें. पोसीदियुसनें पुढें आपल्या मित्राचें चरित्र लिहिलें, आणि त्या पुस्तकांची यादीहि त्यास जोडली.