आठचा आकडा आणि लायमन स्पिट्झर

मागच्या हिवाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी बडोद्याहून गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत गेलो होतो. तिथला आदित्य टोकामाक पाहून परतताना बसमध्ये एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, की सत्तर वर्षं झाली तरी सूर्याच्या या ऊर्जेवर एका घरातला दिवाही लागलेला नाही, मग ज्यांनी यात आयुष्य घातलं ती माणसं नापासच झाली ना? तिला पुढं कशात एमएस्सी करावी हे ठरवायचं होतं, म्हणून प्रश्न नुसता गमतीचा नव्हता. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. हे उशिरा दिलेलं उत्तर समजा.

लायमन स्पिट्झर यांचा जन्म २६ जून १९१४ रोजी अमेरिकेतल्या टोलेडो गावी झाला. येलमध्ये पदवी, एक वर्ष इंग्लंडमधल्या केंब्रिजला आणि १९३८ साली प्रिन्स्टनची डॉक्टरेट. खरं तर माणूस खगोलशास्त्राचा. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत जो विरळ वायू पसरलेला असतो, तो त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. महायुद्धात पाण्याखालच्या आवाजांवर, म्हणजे सोनारवर काम केलं. १९४६ साली, एकही उपग्रह आकाशात नसताना, पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दुर्बीण नेली तर काय काय दिसेल याचा अहवाल त्यांनी लिहून ठेवला. १९४७ साली, तेहतिशीत, प्रिन्स्टनच्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि ती जबाबदारी १९७९ पर्यंत सांभाळली.

१९५१ च्या मार्चमध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन यांनी जाहीर केलं, की आमच्या शास्त्रज्ञानं अणूंचं संमीलन घडवून ऊर्जा मिळवली. दावा साफ खोटा निघाला. पण स्पिट्झरांच्या वडिलांनी मुलाला फोन करून बातमी वाचायला सांगितली होती. स्पिट्झर तेव्हा ॲस्पेनच्या बर्फात स्कीइंगला निघाले होते. डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात बसल्या बसल्या ते विचार करू लागले, की हे खरोखर करायचं तर कसं करता येईल?

अडचण अशी. संमीलनासाठी वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो. असा प्लाझ्मा धरून ठेवणारं भांडं नाही, तेव्हा चुंबकीय क्षेत्राचाच पिंजरा करायचा. पिंजरा मेदूवड्यासारखा गोल केला, तर भोकाच्या बाजूला क्षेत्र जोरदार आणि बाहेरच्या कडेला कमजोर होतं. त्यामुळं धन कण एकीकडे, म्हणजे समजा वर, आणि ऋण कण खाली सरकतात. त्यातून विद्युत क्षेत्र तयार होऊन सगळा प्लाझ्मा बाहेर ढकलला जातो. स्पिट्झरांची युक्ती सोपी होती. वड्याला पीळ देऊन इंग्रजी आठचा आकडा करायचा, म्हणजे एका फेऱ्यात कण जितका वर सरकेल, तितका दुसऱ्या फेऱ्यात खाली येईल. या यंत्राला त्यांनी स्टेलरेटर नाव दिलं. तारा घरात आणायचा, म्हणून.

त्याच वर्षी जुलैत सरकारच्या अणुऊर्जा आयोगानं ५०,००० डॉलर दिले आणि गुप्त प्रकल्प सुरू झाला. स्पिट्झर गिर्यारोहक, म्हणून प्रकल्पाचं नाव आल्प्समधल्या अवघड शिखरावरून मॅटरहॉर्न. पहिलं टेबलावर मावणारं यंत्र सशांच्या जुन्या खुराड्यात चाललं! १९५६ साली पूर्ण आयनीभूत वायूंवरचं त्यांचं छोटं पुस्तक आलं, त्यावर प्लाझ्मावाल्यांच्या पिढ्या शिकल्या. १९५८ साली गुप्तता उठली आणि १९६१ साली प्रकल्पाची प्रिन्स्टन प्लाझ्मा भौतिकी प्रयोगशाळा झाली.

आता दुखऱ्या भागाकडे येतो. यंत्रं मोठी होत गेली, पण प्लाझ्मा गणितापेक्षा फार लवकर गळून जायचा. १९६८ साली नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियनांनी सांगितलं, की त्यांच्या टोकामाकमध्ये तापमान सुमारे १ कोटी अंशांवर गेलंय. अनेकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी ब्रिटिश चमूनं मॉस्कोत जाऊन लेसरनं मोजलं, तर दावा खरा. १९७० साली प्रिन्स्टननं आपला सर्वात मोठा स्टेलरेटर खोलून त्याचाच टोकामाक केला.

स्पिट्झर त्याआधीच प्रयोगशाळेच्या कारभारातून मोकळे होऊन ताऱ्यांकडे परतले होते. स्वतःच्या कल्पनेचं यंत्र मोडलं गेलं, तरी उभी केलेली प्रयोगशाळा चालू राहिली, कारण ती एका यंत्राच्या हट्टावर बांधलेली नव्हती. आमच्या मुलांनी पाहिलेल्या आदित्यपर्यंतही तो धागा येतो. प्रेधिमान काव या प्रयोगशाळेत काम करून भारतात परतले आणि गांधीनगरची संस्था त्यांनी उभारली. आदित्य सुरू झाला १९८९ साली.

आणि १९४६ चा तो अहवाल? स्पिट्झरांच्या दुर्बिणीचा कोपर्निकस उपग्रह १९७२ साली उडाला. मोठ्या दुर्बिणीच्या पैशासाठी ते खासदारांचे उंबरे झिजवत राहिले. शेवटी १९९० साली हबल आकाशात गेली, तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. तिच्या आरशातच दोष निघाला! तो १९९३ साली दुरुस्त झाला. ३१ मार्च १९९७ रोजी ८२ व्या वर्षी स्पिट्झर गेले.

म्हणजे एक स्वप्न चव्वेचाळीस वर्षांनी हाती आलं, दुसरं आलंच नाही. पण दुसऱ्याचीही गोष्ट संपलेली नाही. २०१५ साली जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डला वेंडेलश्टाइन ७-एक्स हा प्रचंड स्टेलरेटर सुरू झाला. वेंडेलश्टाइन हेही एका डोंगराचंच नाव.

तर बाळ, नापास कोण हे ठरवायला निकाल लागलेला असावा लागतो. या विषयाचा अजून लागायचाय. हे तू निवडलंस, तर दिवा कदाचित तुझ्याही हयातीत लागणार नाही, हे मी लपवणार नाही. ज्याला रोजच्या कामातच गोडी वाटते, त्यानंच इकडं यावं. तुला वाटते का, हे मात्र तुझं तूच पाहायचं.