डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मधुमेह



उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, १४ एप्रिलला आपल्याकडे मिरवणुका निघतात, शाळेत भाषणं होतात. महाड, संविधान, दीक्षाभूमी तुम्हाला पाठ असतं. पण बाबासाहेबांना मधुमेह होता, हे माहीत आहे का?

बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. मुंबई, न्यूयॉर्क, लंडन येथे ते शिकले. १९३५ मध्ये रमाई गेल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा शरीर थकलं होतं. मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या वेदनांमुळे रात्री झोप लागत नसे.

मधुमेहात नेमकं काय होतं? आपण भात, भाकरी खातो, त्याची साखर होऊन रक्तात येते. ती पेशींत पोचवायला इन्सुलिन लागतं. ते कमी पडलं किंवा नीट काम करेनासं झालं, की साखर रक्तातच साचते. वर्षानुवर्षं असं राहिलं तर डोळे, पाय, मूत्रपिंड आणि हृदय यांना इजा होते.

उपचारासाठी बाबासाहेब मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जात. तिथे डॉ. शारदा कबीर काम करत. १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचं लग्न झालं. त्याच आपल्या माईसाहेब. इन्सुलिन, औषधं, पथ्यपाणी त्या सांभाळू लागल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं.

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आपली तब्येत कळवली आणि हिंदू कोड बिल लवकर घेण्याची मागणी केली. बिल रखडलं, सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे दृष्टीही अधू झाली. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते गेले.

एवढ्या मोठ्या माणसाने आजार लपवला नाही, इन्सुलिन घेतलं, मदतही घेतली. मग आपल्या घरात शुगर लपवायची कशाला? हा आजार फक्त गोड खाल्ल्यानेच होतो असं नाही, म्हणून कुणाला दोष देऊ नका. बरं वाटलं म्हणून गोळी मनानेच बंद करायची नाही. पाय रोज पाहायचे, डोळे वर्षातून एकदा तपासायचे. ३० वर्षांवरच्या माणसांची साखर सरकारी आरोग्य केंद्रातही तपासतात.

आजचा गृहपाठ : घरी गेल्यावर आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा, साखर शेवटची कधी तपासली? उत्तर वहीत लिहून आणा.