वाविलोव्ह यांची बीजपेढी

निकोलाय वाविलोव्ह यांचा जन्म १८८७ साली मॉस्कोत, एका व्यापारी कुटुंबात झाला. रशियाला तेव्हा दुष्काळ नवा नव्हता. शेतीशास्त्राचे शिक्षण घेऊन १९१३ मध्ये ते इंग्लंडला विल्यम बेटसन यांच्याकडे गेले. 'जेनेटिक्स' हा शब्द रूढ करणारे ते हेच बेटसन. रोगाला दाद न देणारे पीक घडवायचे तर लागणारे गुण शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या गावठी वाणांत शोधावे लागतील, हे वाविलोव्ह यांनी ओळखले.

मग भटकंती सुरू झाली. इराण, पामीर, अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, जपान, मेक्सिको, पेरू. बाजारात, खळ्यावर, शेतात दिसेल ते बियाणे थोडे घ्यायचे, नोंद करायची आणि लेनिनग्राडच्या संस्थेत पाठवायचे. एखाद्या पिकाची विविधता जिथे सर्वाधिक, तिथेच ते प्रथम लागवडीखाली आले असावे, हा त्यांचा १९२६ मधील सिद्धांत. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, तरी बियाणे शोधणारे आजही आधी त्याच भागांकडे वळतात. महायुद्धापर्यंत संस्थेत अडीच लाखांच्या आसपास नमुने जमले होते.

घात केला तो राजकारणाने. नवा वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, असे वाविलोव्ह सांगत. त्रोफिम लिसेंको तेच काम दोन-तीन वर्षांत करून देऊ म्हणत आणि जनुक ही कल्पनाच नाकारत. स्टालिनला अर्थातच दुसरे गणित पटले. याच लिसेंकोंना सुरुवातीला पुढे आणण्यात वाविलोव्ह यांचाही हात होता, हेही खरे.

ऑगस्ट १९४० मध्ये पश्चिम युक्रेनमध्ये नमुने गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली. मागे राहिलेल्या त्यांच्या झोळीत सहकाऱ्यांना टरफल न सोडणारा डोंगरी गहू मिळाला. महाराष्ट्रातल्या खपलीचा भाऊबंद. देहदंडाची शिक्षा पुढे वीस वर्षांच्या कैदेवर आली.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. भाताचे, शेंगदाण्याचे नमुने सांभाळणारे शास्त्रज्ञ भुकेने मेले, पण त्यांनी त्या बियाण्याला हात लावला नाही. २६ जानेवारी १९४३ रोजी साराटोव्हच्या तुरुंगात वाविलोव्ह यांचाही उपासमारीने अंत झाला. तरुणपणी ते याच शहरात प्राध्यापक होते. त्यांच्यावरील आरोप १९५५ मध्ये रद्द झाले.

वाळवलेले बी उणे १८ अंशांवर अनेक दशके टिकते. बटाट्याचा वाण मात्र बियांतून जसाच्या तसा मिळत नाही. त्याची इवली रोपे काचनळीत ऊतिसंवर्धनाने वाढवतात, किंवा कोंबाचे टोक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वाविलोव्ह संग्रहातील सुमारे तीनशे गव्हांची डीएनए-खुणांच्या आधारे तपासणी केली, तेव्हा तांबेऱ्याला रोखणाऱ्या, पूर्वी नोंद नसलेल्या जनुकस्थानांचा माग त्यांत लागला.