सांता रोझाचा माळी

परमहंस योगानंदांचे ‘योगी कथामृत’ पुष्कळ मराठी घरांत भक्तिभावाने वाचले जाते. ते ज्याला अर्पण केले आहे, तो ल्यूथर बरबँक कोण, याची चौकशी मात्र फार थोडे करतात. हा गृहस्थ माळी होता. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला माणसाचा जमाखर्च आधी दिसतो, आणि बरबँकचा जमाखर्च मोठा विलक्षण आहे.

जन्म १८४९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. पंधरा भावंडांत हा तेरावा. शिक्षण बेताचेच, पण डार्विनचे पुस्तक हाती पडले आणि मुलगा झाडापेरांच्या नादी लागला. बटाट्याला क्वचितच धरणारे एक बोंड त्याला सापडले. त्यातल्या २३ बिया त्याने पेरल्या आणि एका रोपाखाली टपोरे, भरघोस बटाटे निघाले. तो वाण त्याने १८७५ मध्ये एका बियाणे-व्यापाऱ्याला १५० डॉलरला विकला, दहा बटाटे स्वतःसाठी मागून घेतले आणि कॅलिफोर्नियातले सांता रोझा गाठले. आपली नातवंडे ज्या फ्रेंच फ्राइजसाठी हट्ट धरतात, त्यांच्यासाठी नावाजलेला ‘रसेट बरबँक’ हा बटाटा त्याच वंशातला. पुढे कुणी कितीही पिकवला तरी बरबँकला एक सेंटही येणे नव्हता.

१८८१ मध्ये एका श्रीमंत गिऱ्हाइकाने एकाच हंगामात प्रूनची वीस हजार कलमे मागितली. प्रून म्हणजे सुकवायचे आलुबुखार. इतरांनी हात झटकले. बरबँकने झटपट रुजणारे बदाम पेरले, त्या कोवळ्या रोपांवर प्रूनचे डोळे भरले आणि वर्षअखेर १९ हजारांहून अधिक कलमे मोजून दिली. असा कर्जदार भेटला असता, तर मी तारणाची कागदपत्रेही मागितली नसती!

पण त्याचा जीव रमे तो संकरात. नेक्टरिनचेच पाहा. नेक्टरिन म्हणजे लव नसलेला, गुळगुळीत सालीचा पीच. हापूसची कोय पुरली म्हणून हापूसच येईल याची हमी नाही, हे कोकणात पोरालाही ठाऊक असते. तसाच पीचच्या कोयीतून कधी नेक्टरिन उगवतो आणि नेक्टरिनच्या कोयीतून पीच. दोघांचा संकर करायचा, तर कळी उमलण्याआधी पुंकेसर खुडायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. घड्याळाच्या काचेत पराग घेऊन बरबँक ते बोटाच्या टोकाने लावी. पहिल्या पिढीची सगळी फळे सहसा लव असलेलीच येतात. त्यांच्या कोया पुन्हा पेराव्या, तेव्हा चारांत साधारण एक झाड गुळगुळीत फळाचे निघते. आणि तेही फळ बारके असेल, तडकणारे असेल, बेचव असेल. म्हणून रोपे हजारांनी हवीत. प्रत्येकाला फळ धरेपर्यंत तीन-चार वर्षे थांबायला आयुष्य पुरत नाही. बरबँक रोपाची काडी थोराड झाडावर कलम करी. एकेका झाडावर शेकडो वाण नांदत. मग तो रांगेतून चालत एखादेच निवडी आणि उरलेल्यांची होळी करी. बेरीची ६५,००० झुडपे त्याने एकदा अशीच जाळली. ‘फ्लेमिंग गोल्ड’ हे त्याचे नेक्टरिन, ‘सांता रोझा’ हे आलुबुखार, शास्ता डेझीची फुले; आठशेंहून अधिक वाण त्याच्या नावावर आहेत.

नोंदी मात्र गबाळ्या. १९०५ पासून कार्नेगी संस्थेने त्याला वर्षाला दहा हजार डॉलर दिले, पद्धती टिपून घ्यायला शास्त्रज्ञ पाठवला आणि १९०९ मध्ये कंटाळून हात आखडता घेतला. या बाबतीत माझे मन संस्थेच्या बाजूने जाते. व्हाउचर नसलेला खर्च कितीही खरा असला, तरी तो पास करता येत नाही.

त्याची खरी अडचण वेगळीच होती. यंत्र शोधणाऱ्याला पेटंट मिळे, झाड घडवणाऱ्याला नाही. पहिली काडी विकली की शेजारचा नर्सरीवाला वाटेल तितकी कलमे बांधायला मोकळा. म्हणून नव्या वाणाची सारी किंमत बरबँकला पहिल्याच सौद्यात वसूल करावी लागे. त्याच्या चढ्या दरांवर आणि भडक जाहिरातींवर लोक टीका करीत. मला त्यामागे निरुपाय दिसतो.

१९२६ च्या जानेवारीत, मरणानंतरच्या जीवनावर आपला विश्वास नाही, असे तो जाहीरपणे बोलून गेला. पत्रांचा भडिमार झाला. त्याच एप्रिलमध्ये तो वारला आणि घरापुढच्या देवदाराखाली त्याला पुरले. योगानंदांनी आपले पुस्तक या नास्तिक म्हणवणाऱ्यालाच अर्पण करावे, हे मला फार मोठेपणाचे वाटते.

तरुणपणी त्याच्या हाताखाली काम केलेल्या फ्रेड अँडरसनने १९४२ मध्ये ‘ल ग्रँड’ हे मोठे, घट्ट गराचे, दूरचा प्रवास सोसणारे नेक्टरिन बाजारात आणले. नेक्टरिनचा मोठा व्यापार त्यानंतरचा. दरम्यान १९३० मध्ये, एडिसनसारख्यांच्या पाठिंब्याने, अमेरिकेत वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला होता. बरबँकच्या नावे १६ पेटंटे निघाली, सगळी मरणोत्तर. कंदांपासून लावली जाणारी पिके मात्र त्या कायद्याने वगळली होती. म्हणजे त्याचा तो बटाटा पुढे आणखी साठ वर्षांनी विकायला काढला असता, तरी १५० डॉलरवरच भागवावे लागले असते.