पेटी घराण्याची शर्यत

विद्या बापाकडून लेकाकडे येते तेव्हा तिला मायेचे झुकते माप मिळते, अशी पुष्कळांची समजूत असते. चार इमलीत माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलांचे पालकही तसे बोलून दाखवतात. दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे माझा अनुभव नेमका उलटा आहे. मात्र आज दाखला देतो तो गाण्यातला नव्हे, अमेरिकेतल्या मोटारशर्यतींतला. ली पेटी हे त्या गृहस्थांचे नाव.

ली यांचा जन्म १९१४ सालचा, उत्तर कॅरोलायना राज्यातला. बाजारात मिळते तीच मोटार पळवायची, अशा दंडकाच्या शर्यतींची मालिका १९४९ साली शार्लट येथे सुरू झाली, तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती. मागून आणलेली ब्यूइक त्यांनी पहिल्याच शर्यतीत उलटवली. पण खेळ सोडला नाही. हा त्यांचा शौक नव्हता, प्रपंच होता. १९५४, १९५८ आणि १९५९ या तिन्ही वर्षांचे अजिंक्यपद त्यांनी मिळवले.

थोरला मुलगा रिचर्ड २१ वर्षांचा होईपर्यंत त्यांनी त्याला शर्यतीत उतरू दिले नाही. १९५८ साली टोरांटो येथे तो पहिल्या मोठ्या शर्यतीत उतरला, तर बापाच्याच मोटारीचा धक्का खाऊन कठड्यावर गेला. ती शर्यत ली यांनी जिंकली.

पुढच्या वर्षी फ्लोरिडात डेटोना येथे अडीच मैलांचा नवा मार्ग खुला झाला. त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली. तिथल्या ५०० मैलांच्या पहिल्या शर्यतीत पंचांनी जॉनी बोशांप याला विजयी ठरवले. ली यांनी हरकत घेतली. छायाचित्रे तपासून तीन दिवसांनी निकाल फिरला आणि ली विजयी ठरले. त्याच जूनमध्ये अटलांटा येथे रिचर्ड पहिला आल्याचे जाहीर झाले, तेव्हाही त्यांनी तशीच हरकत घेतली. फेऱ्यांची मोजणी पुन्हा झाली आणि विजय मुलाकडून बापाकडे आला. हक्काच्या बाबतीत त्यांच्या लेखी परका आणि पोटचा असा भेद नव्हता.

डेटोनाला मुख्य शर्यतीत कोणी कोणत्या जागेवरून निघायचे, हे आधीच्या पात्रता शर्यतींवर ठरते. तेव्हा त्या शंभर मैलांच्या असत. २४ फेब्रुवारी १९६१ रोजी पहिल्या पात्रता शर्यतीच्या शेवटी रिचर्डची मोटार भिंतीवरून बाहेर फेकली गेली. तो थोडक्यात बचावला. मुलाची ही गत झालेली असतानाही ली दुसऱ्या शर्यतीला उभे राहिले. तीत त्यांची आणि बोशांपची मोटार एकमेकींत अडकून भिंतीपलीकडे गेल्या. दोन वर्षांपूर्वी ज्याच्याशी निकालावरून वाद, तोच हा बोशांप! त्याच्या डोक्याला मार बसला. ली जबर जखमी होऊन चार महिने इस्पितळात पडून राहिले. दोन दिवसांनी मुख्य शर्यत मार्व्हिन पँच यांनी जिंकली. तीत पेटी घराण्याचा कोणीच नव्हता.

ली पुढे मोजक्याच शर्यतींत दिसले. घराचा भार तेवीस वर्षांच्या रिचर्डवर आला. धाकटा मॉरिस इंजिने सिद्ध करी. रिचर्डने पुढे दोनशे शर्यती जिंकल्या, त्यांत डेटोनाची मुख्य शर्यत सात वेळा. बापाने एकही विजय फुकट दिला नव्हता, म्हणूनच बाप अंथरुणाला खिळल्यावर मुलाला उभे राहता आले, असे मला वाटते. गाण्यातही ज्याला वडिलांनी चुकलेल्या समेवर टोकले, तोच पुढे एकट्याने मैफल पेलतो.

मात्र शिस्त सारेच सांभाळते, असेही नाही. २ एप्रिल २००० रोजी टेक्सासमध्ये पणतू ॲडम या मालिकेत प्रथमच उतरला. घराण्याची ही चौथी पिढी. तिसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, ली वारले. १२ मे रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये सराव करताना ॲडमची मोटार भिंतीवर आदळली. तो एकोणीस वर्षांचा होता. तो घाव सोसण्यासाठी ली मागे उरले नव्हते. तो आजोबा रिचर्डच्या वाट्याला आला.